'शुड बी' आणि आजींच्या क्लिप्स : ओईटीच्या पत्रलेखनाचा माझा अनुभव

ओईटी म्हणजे ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट, परदेशात काम करू पाहणाऱ्या नर्स-डॉक्टरांची इंग्रजीची परीक्षा. तिची तयारी करणाऱ्या मराठी नर्सेस मला सारखं एकच विचारतात. "ताई, ऐकणं-वाचणं जमतंय, पत्रातच मार्क जातात. नेमके कुठे जातात?" माझ्या मते त्यातले बरेचसे एकाच जागी जातात. 'शुड', 'मस्ट', 'कॅन', 'मे' यांच्यापुढे 'बी' आणि क्रियापदाचं तिसरं रूप येतं, त्या जागी. शाळेत 'चेंज द व्हॉइस'च्या प्रश्नात मार्कापुरता भेटलेला हा प्रकार ओईटीच्या पत्रात ओळीओळीला लागतो. मी २०२४ मध्ये या सगळ्यातून गेले, म्हणून जसं घडलं त्या क्रमानेच लिहिते.

मी मिरजेतल्या एका खासगी रुग्णालयात सर्जिकल वॉर्डला स्टाफ नर्स आहे. दहावी मराठी माध्यमातून, नंतर जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका. इंग्रजी रोज डोळ्यांखालून जातं. केस पेपर, राउंडच्या ऑर्डर, औषधांची खोकी, सगळं इंग्रजीत. पण सलग वाक्य लिहायची वेळ फारशी येत नाही. आमच्या नोट्स तुटक असतात आणि ड्यूटी बदलताना हँडओव्हर मराठीतच होतो. त्यामुळे वाचलेलं कळायचं, पण लिहायला बसलं की हात अडायचा.

ब्रिटनला जायचं असं घरात जानेवारीत ठरलं. तिथे नर्सची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला आयईएलटीएस, म्हणजे इंग्रजीची सर्वसाधारण परीक्षा चालते, ओईटीही चालते. आयईएलटीएसमध्ये लेखनाला साडेसहा आणि बाकी तिन्हींना सात बँड लागतात. ओईटीत लेखनाला ३०० आणि ऐकणं, वाचणं, बोलणं या तिन्हींना ३५० गुण लागतात. ओईटीची फी जास्त होती, २०२४ मध्ये ५८७ ऑस्ट्रेलियन डॉलर. मी भरली तेव्हा ती ३२ हजारांच्या आसपास गेली. तरी मी ओईटी घेतली. आयईएलटीएसच्या निबंधात शहरीकरणापासून शिक्षणापर्यंत काहीही विषय येतो. ओईटीत नर्सला नर्सिंगचंच पत्र लिहायचं असतं. टाके, कॅथेटर, इन्सुलिन यांच्याबद्दल लिहायला मला विषय शोधावा लागणार नव्हता.

अभ्यासाआधी एक काम उरकून घ्या, ते म्हणजे नाव. आपल्याकडे नर्सिंग कौन्सिलची नोंदणी बहुतेकींची माहेरच्या नावाने असते आणि पासपोर्ट लग्नानंतरच्या नावाने. मधलं नाव कुठे वडिलांचं, कुठे नवऱ्याचं. परीक्षेच्या खोलीत पासपोर्टवरचं नाव आणि बुकिंगवरचं नाव तंतोतंत जुळावं लागतं, आणि पुढे नोंदणीच्या वेळी हा फरक पुन्हा आडवा येतो. विवाह नोंदणीचा दाखला आधीच काढून ठेवा. माझा फेब्रुवारी आणि मार्च यातच गेला. पासपोर्ट नव्याने काढायला १५०० रुपये आणि खेपा घालण्याचा खर्च वेगळा.

एप्रिलमध्ये ऑनलाइन क्लास लावला. फी अकरा हजार. शिकवणाऱ्या मॅडम केरळच्या. वर्ग रात्री साडेआठला असायचा, त्यामुळे नाइट असली की मी रेकॉर्डिंगवर भागवायचे. पहिले दोन आठवडे परीक्षेची ओळख झाली. लेखनाला ४५ मिनिटं मिळतात. त्यातली पहिली पाच फक्त केस नोट्स वाचायची, तेव्हा हातात पेन घ्यायचं नाही. उरलेल्या ४० मिनिटांत १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायचं. रुग्णाला दुसरीकडे पाठवताना, घरी सोडताना किंवा बदली करताना पुढच्या माणसाला लिहितो तसं पत्र. तपासणारे सहा गोष्टी बघतात : पत्राचा हेतू, मजकूर, नेमकेपणा, पेशाला शोभणारी भाषा, मांडणी आणि व्याकरण.

मग सराव सुरू झाला. एक केस माझ्या चांगली लक्षात आहे. ७२ वर्षांच्या आजी, खुब्याचा सांधा बदललेला, मधुमेह, पेनिसिलिनची ॲलर्जी, घरी एकट्या राहणाऱ्या. पत्र लिहायचं होतं घरी जाऊन बघणाऱ्या कम्युनिटी नर्सला. नोट्समध्ये शेवटी चार-पाच तुटक ओळी होत्या : क्लिप्स (टाक्यांऐवजी लावलेल्या पिना) बाराव्या दिवशी काढणे, ड्रेसिंग कोरडं ठेवणे, साखर दिवसातून दोनदा, खुबा ९० अंशांच्या पुढे वाकवणं वर्ज्य, दुखणं वाढल्यास डॉक्टर. या तुटक ओळींची पूर्ण वाक्यं करणं म्हणजेच ओईटीचं पत्र.

वर्गात आम्ही तीन-चार मराठी नर्सेस होतो. सगळ्यांच्या पत्रांत लाल खूण एकाच जागी पडली. 'द क्लिप्स शुड रिमूव्ह ऑन डे ट्वेल्व्ह', 'ब्लड शुगर शुड चेक ट्वाइस डेली'. मॅडमनी विचारलं, "क्लिप्स कोणाला काढणार आहेत? साखर कोणाला तपासणार आहे?" मग 'शुड'च्या पुढे 'बी' घातला आणि 'रिमूव्ह'चं 'रिमूव्ह्ड' केलं. 'द क्लिप्स शुड बी रिमूव्ह्ड.' नियम एवढाच : मोडल (म्हणजे 'शुड', 'मस्ट', 'कॅन' यांसारखा शब्द), मग 'बी', मग तिसरं रूप.

नियम एवढा सोपा असून आपण तो का विसरतो, यावर मी बरेच दिवस डोकं लावलं, कारण नुसतं पाठ करून माझ्या हातात बसत नव्हतं. कारण सापडलं ते आपल्याच वाक्यात. आपण म्हणतो, 'गोळी द्यावी', 'गोळ्या द्याव्यात', 'इंजेक्शन द्यावं'. कोणी द्यायचं हे सांगितलेलं नसतं, तरी अर्थ लागतो, कारण क्रियापद गोळीच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं. गोळी देणारी नाही, दिली जाणारी आहे, हे 'द्यावी'तच आलं. इंग्रजीत तशी सोय नाही. क्रियापदाच्या आधी जे उभं आहे तेच काम करणारं, असं इंग्रजी वाचणारा धरून चालतो. म्हणून 'द टॅब्लेट शुड गिव्ह' वाचलं की त्याला टॅब्लेटच काहीतरी देणार आहे असं वाटतं. 'बी' आणि तिसरं रूप मिळून ते काम करतात जे आपल्याकडे 'वी', 'व्यात', 'वं' करतात. हे कळल्यावर 'बी' विसरणं मला शक्यच झालं नाही.

आणखी एक दिलासा मिळाला. साध्या पॅसिव्हमध्ये, म्हणजे कर्मणी प्रयोगात, 'इज', 'आर', 'वॉज', 'वर' यातलं कुठलं घ्यायचं याचा दर वेळी विचार करावा लागतो. मोडल आलं की ती कटकट संपते. एक गोळी असो वा दहा, आज असो वा उद्या, 'बी' तसाच राहतो. 'द क्लिप शुड बी', 'द क्लिप्स शुड बी'. ज्यांना 'इज-आर'ची धास्ती आहे त्यांनी पत्राचा शेवटचा परिच्छेद, म्हणजे पुढे काय करायचं ते सांगणारा, आधी पक्का करावा. तिथे जवळजवळ सगळी वाक्यं याच साच्यात बसतात.

सराव मी वॉर्डातच केला. राउंड झाला की डॉक्टरांच्या ऑर्डरमधली एखादी ओळ रुग्णाचं नाव न घेता वहीत उतरवायची आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिचं पूर्ण वाक्य करायचं. 'एनपीओ फ्रॉम मिडनाइट' (मध्यरात्रीपासून तोंडाने काही द्यायचं नाही) असं असेल तर 'फूड अँड फ्लुइड्स शुड बी विथहेल्ड फ्रॉम मिडनाइट'. 'रिमूव्ह कॅथेटर टुमारो' असेल तर 'द कॅथेटर कॅन बी रिमूव्ह्ड टुमारो'. यातून तिसऱ्या रूपांची एक छोटी यादी आपोआप तयार झाली : गिव्हन, टेकन, केप्ट, बेंट, विथहेल्ड, विथड्रॉन, शोन. 'एड' लागून होणारी रूपं चुकत नाहीत, ही अशी चुकतात. पूर्ण पुस्तकातली रूपं पाठ करत बसू नका. वॉर्डात लागणारी तीस-चाळीस पुरतात.

नकार आला की जास्त जपून लिहावं लागतं, आणि नर्सने तर जपायलाच हवं. 'पेनिसिलिन मस्ट नॉट बी गिव्हन' म्हणजे अजिबात द्यायचं नाही, दिलं तर जिवावर बेतेल. 'पेनिसिलिन नीड नॉट बी गिव्हन' म्हणजे द्यायची गरज नाही. 'डझ नॉट हॅव टू बी गिव्हन'चाही अर्थ तोच. ॲलर्जी असलेल्या आजींच्या पत्रात पहिल्याऐवजी दुसरं लिहिलं तर वाचणारी नर्स समजेल की दिलं तरी चालेल. गंमत अशी की होकारात 'मस्ट' आणि 'हॅव टू' जवळजवळ सारखे वाटतात, नकारात मात्र ते पार वेगळे होतात. 'मे नॉट बी गिव्हन' तर मी पत्रात कधीच लिहीत नाही. त्याचा अर्थ 'देण्याची परवानगी नाही' असाही होतो आणि 'कदाचित दिलं जाणार नाही' असाही.

जूनमध्ये वाचनाचा अभ्यास सुरू झाला आणि तिथे हाच विषय वेगळ्या बाजूने समोर आला. ओईटीच्या वाचनाच्या दुसऱ्या भागात (पार्ट बी) रुग्णालयाची धोरणं, मार्गदर्शक सूचना, उपकरणांची माहितीपत्रकं, अंतर्गत मेमो असे सहा छोटे उतारे असतात. प्रत्येक उतारा 'मस्ट बी', 'शुड बी', 'मे बी'ने भरलेला. प्रश्न बहुतेक वेळा त्यांच्यातल्या फरकावरच असतो : अमुक गोष्ट बंधनकारक आहे, की करावी असं सुचवलंय, की चालेल असं म्हटलंय. ब्रिटनमध्ये नाइस नावाची संस्था उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढते. तिने आपल्या शिफारशींची ताकद अशाच शब्दांत वाटून दिली आहे : वापरलेच पाहिजेत असे उपचार 'मस्ट बी यूज्ड', वापरावेत असे 'शुड बी यूज्ड', वापरता येतील असे 'कुड बी यूज्ड'. यातला 'मस्ट' ते सहसा कायद्याचं बंधन असेल तरच लावतात, किंवा तसं न केल्याने परिणाम फार गंभीर होणार असतील तर. हे कळल्यानंतर मी पत्रात 'मस्ट' लिहिताना थांबून विचार करू लागले. खुबा ९० अंशांपुढे वाकवू नये, पेनिसिलिन देऊ नये, इथे 'मस्ट नॉट बी'. ड्रेसिंग, साखर, क्लिप्स यांना 'शुड बी'. फिजिओथेरपीच्या जास्तीच्या सत्रांचा विचार करता येईल, तिथे 'कुड बी कन्सिडर्ड'. पत्र वाचणाऱ्या नर्सला कशाची घाई आहे आणि कशाची नाही, हे नुसत्या मोडलवरून कळतं. माझ्या मते लेखनाच्या तयारीतला हा सगळ्यात मोलाचा भाग आहे, आणि क्लासमध्ये त्याला जेवढा वेळ मिळतो त्याहून खूप जास्त मिळायला हवा.

झालेल्या गोष्टी सांगताना 'बी'च्या जागी 'हॅव बीन' येतं. इथे अर्थ नीट न समजता लिहिलं तर कागदावर भलतंच उमटतं. 'द डोस शुड हॅव बीन गिव्हन ॲट एट' याचा अर्थ आठला द्यायला हवा होता, आणि वाचणारा समजतो की दिला गेला नाही. 'द डोस मस्ट हॅव बीन गिव्हन' म्हणजे दिला असणार, असा माझा अंदाज. 'मे हॅव बीन गिव्हन' म्हणजे दिला असेल, नक्की माहीत नाही. नुसतं 'वॉज गिव्हन' म्हणजे दिला, नोंद आहे. पत्रात आपण नोंदलेली हकीकत सांगतो, म्हणून तिथे बहुतेक ठिकाणी 'वॉज गिव्हन'च लागतं. 'मस्ट'ला भूतकाळाचं स्वतःचं रूप नाही, हेही इथेच कळतं. 'कॅथेटर काढावा लागला' असं सांगायचं तर 'द कॅथेटर हॅड टू बी रिमूव्ह्ड'.

दोन सवयी मोडायला जुलै उजाडला. पहिली म्हणजे ज्या क्रियापदांना कर्म नसतं त्यांनाही 'बी' लावायची. 'इन्फेक्शन मे बी ऑकर्ड', 'फॉल कॅन बी हॅपन्ड' असं इंग्रजी आपल्याकडे सर्रास चालतं. घडणं ही कोणी कोणाला करायची गोष्ट नाही, तिथे पॅसिव्ह होतच नाही. 'इन्फेक्शन मे ऑकर', 'अ फॉल कॅन हॅपन', बस. दुसरी सवय प्रत्येक वाक्याला 'बाय' जोडायची. शाळेत 'बाय'शिवाय उत्तर पूर्ण धरत नसत. पत्रात 'बाय द नर्स' लिहायची गरज नाही, पत्र नर्सलाच आहे. 'बाय द जीपी' (जीपी म्हणजे तिथला फॅमिली डॉक्टर) मात्र लिहावं, कारण काम दुसऱ्याकडे जातंय हे सांगायचं आहे : 'हर इन्सुलिन डोस शुड बी रिव्ह्यूड बाय हर जीपी'. १८० ते २०० शब्दांत बसायचं असतं तेव्हा असा एकेक वगळलेला 'बाय' उपयोगी पडतो.

विनंतीचं वाक्य मॅडमनी आम्हाला एकच शिकवलं आणि मी शेवटपर्यंत तेच वापरलं : 'इट वुड बी अप्रीशिएटेड इफ हर वूंड कुड बी असेस्ड'. यात हा साचा दोनदा येतो, एकदा 'वुड बी' आणि एकदा 'कुड बी'. आपल्याकडे सरकारी पत्रात 'करण्यात यावे' लिहितात, त्यापेक्षा हे मऊ आहे आणि समोरच्याचा मान राखतं. वरिष्ठ डॉक्टरला लिहिताना हे, बरोबरीच्या नर्सला लिहिताना 'शुड बी'.

बोलण्याच्या परीक्षेत मात्र हे सगळं बाजूला ठेवावं लागतं. तिथे दोन रोल-प्ले असतात, प्रत्येकी साधारण पाच मिनिटांचे, तयारीला तीन मिनिटं. समोर रुग्ण किंवा नातेवाईक झालेली व्यक्ती असते. तिला 'द टॅब्लेट मस्ट बी टेकन आफ्टर फूड' म्हटलं तर भिंतीवरची सूचना वाचून दाखवल्यासारखं वाटतं. आपणही आजींना 'गोळी घेण्यात यावी' म्हणत नाही, 'जेवल्यावर गोळी घ्या हं' म्हणतो. तिथे 'यू विल नीड टू टेक इट आफ्टर फूड' असं सरळ बोलावं. पत्र आणि बोलणं यांचा सराव एकाच दिवशी करू नका, एकाचा सूर दुसऱ्यात शिरतो. मी पत्राला सुट्टीचा दिवस ठेवला होता आणि बोलणं ड्यूटीवरून येताना, मैत्रिणीबरोबर फोनवर.

परीक्षा ऑगस्टमध्ये मुंबईत झाली. आदल्या दिवशी रेल्वेने गेले, दादरला मावशीकडे राहिले, त्यामुळे लॉजचा खर्च वाचला. सकाळी पासपोर्ट बघितला, फोटो काढला, घड्याळ आणि फोन बाहेर ठेवायला लावला. पाण्याची बाटली नेणार असाल तर लेबल काढून ठेवा, आमच्याकडे ते तपासलं. परीक्षेतली केस सांगता येत नाही, तशी अटच असते. लेखनाच्या पहिल्या पाच मिनिटांत मी काय केलं ते मात्र सांगते. नोट्समधली पुढच्या सूचनांची प्रत्येक ओळ वाचताना तिच्यापुढे मनातल्या मनात एकच शब्द ठेवला : मस्ट, शुड की कुड. बाकी वाक्य नंतर आपसूक आलं. शेवटची तीन-चार मिनिटं राखून ठेवली आणि तेव्हा फक्त एवढंच शोधलं, प्रत्येक मोडलच्या पुढे 'बी' आहे का आणि 'बी'च्या पुढे तिसरं रूप आहे का. पूर्ण पत्र पुन्हा वाचायला वेळ पुरत नाही, ही एक खूण शोधायला पुरतो. हात थंड पडले होते, बाहेर आले तेव्हा मावशीने फोनवर विचारलं तर नीट बोलताही येईना.

माझ्या वेळी निकालाला साधारण १६ कामकाजाचे दिवस लागत. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या धरून ते तीन आठवड्यांच्या पुढे जात. त्या काळात पत्र आठवून आठवून तपासत बसू नका, त्याने काही साधत नाही, झोप मात्र जाते. मी जादा ड्यूट्या लावून घेतल्या. सप्टेंबरमध्ये निकाल आला आणि चारही भागांत लागतात तेवढे गुण होते. पहिल्यांदा आईला फोन केला, मग मॅडमना.

कमी पडलात तर लगेच सगळं संपलं असं धरू नका. ब्रिटनची कौन्सिल ठरावीक मुदतीत दिलेल्या दोन परीक्षांचे गुण एकत्र धरते, त्याच्या अटी अर्ज करताना त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या, कारण त्या मधूनमधून बदलतात. माझ्या वर्गातल्या एका सिस्टरचं तसंच झालं, फक्त लेखन राहिलं होतं. आता ती पुन्हा बसतेय आणि दर रविवारी माझ्याकडे एक पत्र पाठवते. तिने परवा पाठवलेल्या पत्रात 'शुड बी' सगळीकडे बरोबर होतं. 'मस्ट' मात्र पाच ठिकाणी होता, त्यातले तीन मी 'शुड' करायला सांगितले.

माझी सध्या कौन्सिलच्या सीबीटीची, म्हणजे संगणकावरच्या परीक्षेची तयारी चालली आहे. त्यात औषधांच्या हिशोबाचा एक भाग आणि नर्सिंगचा एक भाग असतो. शिवाय नोंदणीची पडताळणी मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून व्हावी लागते. त्यासाठी कागद पाठवले आहेत. ते काम झालं की त्याचा खर्च आणि लागलेला वेळ वेगळा लिहीन. तोवर कोणाला पत्राचा नमुना तपासून हवा असेल तर रुग्णाचं नाव-गाव काढून पाठवा, सुट्टीच्या दिवशी बघते.